कोरडा कागद

दुरुस्ती झाली, हे वायसरमामा स्वतःच्या तोंडानं कधी सांगत नसत. गळणाऱ्या वस्तूखाली ते वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरत, पहिला थेंब पडेल तिथं पेन्सिलीनं गोल काढत आणि बरोबर त्याच्या वरचं रबरी वायसर बदलत. मग नवा कागद घालून गिऱ्हाइकाला म्हणत, "हात लावून बघा. तुमी कोरडा म्हणल्याबिगर मी निघत न्हाई."

परभणीत स्टेशनजवळ त्यांची टपरी होती. स्टोव्ह, कुकर, पाण्याची मोटार, काहीही न्या, दोष वायसरातच निघायचा. नाव त्यावरूनच पडलं. मी पाना हाती घेतला की आवळत सुटायचो. "गुर्जी, लय आवळलं की गळती वाढती. शाळेत पोरं बी अशीच आवळता का?" मामांचा हा टोमणा मला आयुष्यभर पुरला.

गेल्या वर्षी मुलानं पुण्याहून कॉफीचं मशीन पाठवलं. इथल्या जड पाण्यानं त्यात क्षार धरला आणि ते खालून गळायला लागलं. मी झाकण आवळलं, टाकी काढून पुसली, तरी ओटा ओलाच. शेवटी मामांना बोलावलं. त्यांची नजर अधू झाली होती, टपरीकडं कुणी फिरकत नव्हतं. माझा निरोप मिळाला म्हणून ते इस्त्रीचा सदरा घालून आले.

तासभर खपले. लिंबानं क्षार धुतला, सायकलच्या ट्यूबचं नवं वायसर कापून टाकीखाली बसवलं. पण थेंब एकीकडं पडत होता आणि त्यांचा पेन्सिलीचा गोल भलतीकडंच. मला बघवेना. त्यांनी नवा कागद घातला. "बघा, गुर्जी."

कागद भिजला होता. "कोरडा ठणठणीत," मी म्हणालो.

पिशवी भरता भरता मामा थांबले. माझ्यादेखत पहिल्यांदाच त्यांनी स्वतः कागदावर हात ठेवला. बोटं सदऱ्याला पुसली. "माज्या नजरंचं मला मालूम हाय. पन गिऱ्हाइकाच्या जबानीवर काम चालायलं होतं माजं." चहाला ते थांबले नाहीत. पेन्सिल ओट्यावरच राहिली.

त्यानंतर त्यांनी पाना हातात धरला नाही. चुकून कुणी बोलवायला गेलंच तर म्हणत, "कागद कुनाला दाखवू आता?" दिवाळीआधी ते गेले. माफी मागायला मी दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो होतो, याची मला फार लाज वाटते.

मशीन अजून गळतं. रोज सकाळी मी त्याच्याखाली कोरडा कागद घालतो, थोड्या वेळानं हात लावून बघतो आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्यानं सांगतो, "ओला आहे, मामा."