मोठची लाइन

“हाक मारायची नाही. चारनंतर खांबावर जो दिसेल, त्याला गोळी.”

हे वाक्य मी ऐकायला नको होतं. झाशी कॅन्टोन्मेंटच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी दुपारच्या पाळीवर होते. नियम असा की, दोन्ही बाजूंना एकमेकांचा आवाज नीट पोचला की ऑपरेटरने आपली ऐकायची कळ बंद करायची आणि बाजूला व्हायचं. मोठ गावाकडे जाणाऱ्या दोन लाइनींपैकी एक तुटलेली होती आणि दुसरी खरखरत होती, म्हणून मी थोडी जास्त थांबले. इकडून बोलत होते आमचे कॅप्टन. तिकडे मोठच्या चौकीवरचे सुभेदार होते. ते “येस सर” म्हणाले. मी कळ बंद केली. 

बेचाळीस सालचा भादवा होता. मिशनच्या इंग्रजी शाळेतून मी बाहेर पडले, तेव्हा जपानी ब्रह्मदेशात पोचले होते आणि लष्कराला इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मी खाकी साडी नेसले ती जपान्यांशी लढाई आहे म्हणून. ऑगस्टमध्ये आंदोलन पेटलं, टेलिफोनच्या तारा कापल्या जाऊ लागल्या आणि धरपकड सुरू झाली. त्यानंतर माझ्या बोर्डावरून जपान्यांचं नाव क्वचितच गेलं. गेली ती आपल्याच माणसांची नावं.

आईने एकदाच विचारलं होतं, “अगं, या लोकांना धरायचा हुकूम तुझ्याच हातून जातो ना?”

“मी फक्त लाइन जोडते.”

“तेच विचारते आहे.”

लक्ष्मी गेटपाशी पोरं ओरडायची, “रास्ता दो, लाट साहब की बहनजी आ गईं!” मी खाली बघून चालायची. नोकरी सोडायचं मी रोज ठरवत असे आणि रोज दुसऱ्या दिवसाच्या साडीला इस्त्री करत असे.

मनातलं थोडंफार बोलले ते फक्त नाईक हरदयाल यांच्याशी. ते आमचे लाइनमन. लीबियाच्या वाळवंटात तारा टाकून परत आलेले, चाळिशीचे. ते म्हणत, “छोड़ दीजिए, मिस साब. कल कोई दूसरी बैठ जाएगी. तार को क्या पता.” मग विडी विझवत म्हणत, “पर मुझे खंबे से कौन उतारेगा?”

ही नुसती थट्टा नव्हती. तार जोडून झाली की लाइनमन खांबावरूनच हँडसेट लावतो आणि एक्स्चेंजकडे टेस्ट मागतो. ऑपरेटरने ‘ओके’ दिल्याशिवाय तो खाली उतरत नाही. बाकीचे लाइनमन ‘ओके’ची वाट न बघता उतरत. हरदयाल कधी उतरत नसत. एकदा मी दुसऱ्या कॉलमध्ये अडकले, तर ते भर उन्हात खांबाला पट्टा बांधून तसेच राहिले आणि नंतर त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

त्या दुपारी ते मोठच्या अलीकडे तुटलेली लाइन जोडत होते. उकाड्यात शर्ट काढून बनियनवर काम करायची त्यांना सवय होती. लांबून बघणाऱ्याला हा तार जोडणारा आहे की कापणारा, ते कळलं नसतं. कॅप्टनसाहेबांनी फोनवर लाइनमनचा उल्लेख केला नव्हता. आधीच सांगितलं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालून पाहिली. ती पटली नाही.

मी साहेबांचं ऑफिस लावलं. ऑर्डर्ली म्हणाला, “साहब निकल गए.” मोठची चौकी लावली. पॅट्रोल बाहेर पडलं होतं. चारला वीस मिनिटं होती. खांबावरच्या माणसाला मला घंटी देता येत नव्हती. त्यानेच बोलावलं तर बोलायचं. मी बोर्डाकडे बघत बसले. मध्ये दोन कॉल आले, ते जोडले. कोणाचे होते, आठवत नाही.

मग बोर्डावर मोठच्या तुटलेल्या लाइनीचं शटर पडलं, म्हणजे तिकडून कोणी बोलावत होतं.

“एक्स्चेंज, टेस्ट दीजिए.”

“उतर जाइए.”

“टेस्ट तो हुआ नहीं, मिस साब.”

“ओके. उतर जाइए. चार के बाद खंबे पर जो दिखेगा, उसे गोली मारेंगे.”

 मग ते आवाज उतरवून म्हणाले, “आगे तीन लड़के हैं. कालिज के लगते हैं. तार काटने के पिलास लिए घूम रहे हैं. मुझसे बोले, चाचा, आप जोड़ते जाइए, हम काटते जाएँगे, आपकी नौकरी पक्की.”

मला हसू आलं नाही. त्या मुलांना सावध करणं हा केवढा गुन्हा, ते मला भरतीच्या दिवशी वाचून दाखवलं होतं.

“इनका क्या करूँ, मिस साब?”

“उन्हें भी बता दीजिए.”

“आर्डर है?”

असा हुकूम देण्याचा मला अधिकार नव्हता. ते त्यांनाही माहीत होतं.

“ऑर्डर है.”

“ठीक.”

बाकीचं मागून कळलं. मुलं पुढे सरकली होती. एक जण वर चढला होता. हरदयाल यांनी खाली उभं राहून त्याला उतरवलं. पॅट्रोल दिसताच तिघं ज्वारीत पळाले. हरदयाल पळाले नाहीत. आपलीच माणसं आहेत म्हणून ते रस्त्याकडे चालत गेले. अंगात बनियन, हातात पक्कड. हाक कोणी मारली नाही, गोळीच सुटली.

चौकशी कॅप्टनसाहेबांच्या ऑफिसात झाली. बाहेरून एक मेजर आले होते. कॅप्टनसाहेबांनी सांगितलं की, नाईक आपला सेक्शन सोडून, हुकमाशिवाय, तार कापणाऱ्यांच्या खांबाशी गेला. म्हणजे तो त्यांना सामील होता. पॅट्रोलला लाइनमनची खबर दिली होती का, हे कोणी विचारलं नाही. व्हरांड्यात हरदयाल यांची बायको पदर ओढून बसली होती. शिपायाची विधवा की गद्दाराची, या खोलीत जे ठरेल तेच नाव घेऊन ती गावी जाणार होती.

मला आत बोलावलं. कॅप्टनसाहेब माझ्याशी नेहमी सौम्य बोलत. तसंच बोलले.

“मिस, शेवटचा कॉल टेस्टचाच होता. तुम्ही ओके दिलंत. येस म्हणा आणि ड्यूटीवर जा.”

त्या एका शब्दाने माझी नोकरी टिकत होती. सोडायची तर पुढच्या महिन्यात, तब्येतीचं कारण देऊन, गुपचूप सोडता आली असती. दोन्ही वाटा मोकळ्या होत्या आणि दोन्हींत हरदयाल गद्दार राहत होते.  मेजरसाहेबांनी मान वर केली.

“नो सर,” मी म्हणाले. “मोठला दिलेला हुकूम मी ऐकला. त्यात लाइनमनचं नाव नव्हतं. नाईक हरदयाल यांना त्या मुलांकडे मी पाठवलं. ते ड्यूटीवर होते.”