सरोजिनीबाई पुन्हा पाण्यात

शनिवार पेठेतल्या सरोजिनी मेहेंदळे खोटं बोलत नसत. त्या अर्धंच बोलत. उरलेलं अर्धं समोरच्यानं विचारलं नाही, तर तो आपला दोष नव्हे, असं त्यांचं मत होतं.

एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांनी एकतीस वर्षं काचेच्या नळ्या जपल्या आणि त्या फोडणाऱ्या मुलांना धारेवर धरलं. निवृत्तीच्या वर्षी मैत्रिणींची सहल मालवणला गेली. तिथं विक्रम नावाच्या प्रशिक्षकानं एकेकीला हाताला धरून समुद्राखाली नेलं, मासे दाखवले, फोटो काढले. बाकीच्या वर येऊन फोटो बघत बसल्या. सरोजिनीबाईंनी विचारलं, "हा हात सोडायला कुठे शिकवतात?"

पुढच्याच महिन्यात जाऊन त्या रीतसर शिकून आल्या. तेव्हापासून दर हिवाळ्यात आठवडाभर पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून त्या समुद्राच्या तळाशी. यजमान श्यामसुंदर विमा कंपनीतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना बादलीतसुद्धा अपघात दिसे. ते तेवढे दिवस किनाऱ्यावर छत्रीखाली बसून घड्याळ बघत.

पाचव्या वर्षी श्रावणात सरोजिनीबाईंना न्यूमोनिया झाला. नऊ दिवस दवाखान्यात, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. घरी आल्या तेव्हा दोन मजले चढणं होईना. दम लागलाय हे कबूल करायचं नाही म्हणून त्या पहिल्या मजल्यावर थांबून तिथल्या शेजारीण तुळजाबाईंच्या कुंड्यांचं कौतुक करू लागल्या. ज्या कुंड्यांकडे कधी ढुंकून पाहिलं नाही, त्यांचं दिवसातून दोनदा कौतुक व्हायला लागल्यावर तुळजाबाईंना संशय आला आणि त्यांनी कुंड्या आत घेतल्या.

सप्टेंबरात त्या फुप्फुसांच्या डॉक्टर अपूर्वा गोसावींकडे गेल्या.

"काकू, समुद्राचं नाव तीन महिने काढायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "फुप्फुसात कुठे हवा अडकून राहिली, तर खोलातून वर येताना ती फुगते आणि फुप्फुस फाटतं. डिसेंबरात स्कॅन करू, फुंकायची चाचणी करू, मग बघू."

श्यामसुंदर एवढं समाधानानं ऐकून स्कूटर काढायला खाली गेले. ते गेल्यावर सरोजिनीबाईंनी विचारलं, "आणि पोहायचा तलाव?"

"पुढच्या महिन्यापासून चालेल. हळूहळू. दम लागला की थांबायचं."

घरी मात्र त्यांनी सांगितलं, "डॉक्टरांनी श्वासाचा व्यायाम सांगितलाय. रोज सकाळी जाणार आहे." कसबा पेठेत बापूराव प्राणायाम शिकवत, तिथंच त्या जात असणार असं श्यामसुंदरांनी स्वतःच ठरवून टाकलं. सरोजिनीबाईंनी त्यांचा तो समज मोडला नाही.

सुरुवातीला तलावाची अर्धी लांबी झाली की त्या कठड्याला लटकत. पंधरा दिवसांनी एक लांबी, मग दोन. केस ओले कसे, असं यजमानांनी विचारलं की उत्तर एकच, "व्यायाम केला की घाम येतोच."

एका सकाळी थंडी पडली. श्यामसुंदर मफलर घेऊन बायकोला आणायला कसबा पेठेत पोचले.

"मेहेंदळेबाई? एकदाच आल्या होत्या," बापूराव म्हणाले. "कुठली नाकपुडी आधी, यावरून माझ्याशी वाद घालून गेल्या."

सरोजिनीबाई घरी आल्या तेव्हा श्यामसुंदर पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, घामाला क्लोरीनचा वास येतो, हे रसायनशास्त्रात कितवीला होतं?"

मग सगळं सांगावं लागलं. श्यामसुंदरांनी लगेच डॉक्टरांना फोन करून खात्री केली, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन तलावावर हजर झाले. स्वेटर, कानटोपी, हातात घड्याळ. बायको कठड्याला जरा जास्त वेळ थांबली की ते उठून उभे राहत.

डिसेंबरातली चाचणी चांगली आली. स्कॅनही स्वच्छ. डॉक्टरांनी पत्र दिलं, पण अटी घालून: पहिल्यांदा उथळ पाण्यातच, सोबत प्रशिक्षक, आणि छातीत काही वेगळं वाटलं की लगेच बंद.

जानेवारीत मालवणला विक्रमनं त्यांना धड्यांची उजळणी करायला लावली, मग होडीतून नेलं. या खेपेला श्यामसुंदरही हट्टानं होडीत चढले.

सरोजिनीबाई तीन मीटर खाली गेल्या आणि त्यांच्या कानात स्वतःचाच श्वास घुमायला लागला. दवाखान्यातल्या मास्कमध्येही असाच घुमायचा. छातीत काही दुखत नव्हतं, तरी हातपाय गार पडले. त्यांनी अंगठा वर केला, म्हणजे पाणबुड्यांच्या खुणांत 'वर चला'. विक्रम त्यांना सावकाश वर घेऊन आला.

"दुखतंय का कुठे?" त्यानं विचारलं.

"नाही रे. घाबरले."

हा शब्द त्यांच्या तोंडून श्यामसुंदरांनी चाळीस वर्षांत ऐकला नव्हता. मग ते म्हणाले, "बरं झालं. दरवर्षीची कटकट मिटली. आता आपण महाबळेश्वरला जात जाऊ. मी तिथं स्ट्रॉबेरी खाईन, तू शाल पांघरून पॉइंट बघ."

सरोजिनीबाईंनी दहा मिनिटं होडीच्या काठाला धरून शांतपणे श्वास घेतला. मग विक्रमला म्हणाल्या, "चल."

या वेळी त्या एकवीस मिनिटं खाली राहिल्या. एका खडकाच्या कपारीत एक चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा मासा तोंड वाकडं करून बसला होता. त्याच्यासमोर त्या बराच वेळ तरंगत होत्या. यजमान महाबळेश्वरचं आपल्याला डिवचायला मुद्दाम बोलले की मनापासून, याचा विचारही त्यांनी तिथंच केला, पण निर्णय लागेना.

वर येऊन तोंडातली नळी काढल्याबरोबर त्यांनी विचारलं, "अहो, ते मुद्दाम बोललात ना?"

श्यामसुंदरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण होडी डुलत होती आणि त्यांचा चेहरा मघापासून हिरवा पडला होता. काठावरून वाकून ते जे ओकायला लागले, ते किनारा येईपर्यंत.

संध्याकाळी सरोजिनीबाईंनी दुसऱ्या दिवसाच्या होडीत आपलं नाव घातलं. आपण उद्या किनाऱ्यावरच बसणार, हे श्यामसुंदरांनी विक्रमला तीनदा बजावून सांगितलं.