पिवळी अजून यायचीय

मनवेलपाड्याच्या सलूनमध्ये त्या रविवारी संध्याकाळी चोवीस तासांची मोटार शर्यत संपत आली होती. टीव्ही पाठीमागे होता, म्हणून आम्ही ती आरशात बघत होतो. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची अर्धी दाढी झाली होती. नखांतल्या काळ्या ग्रीसवरून तो मेकॅनिक वाटत होता.

"पिवळी गाडी दाखवा ना!" तो टीव्हीवर ओरडला. "तासभर इंजिन खोलून बसलेत बिचारे!"

टीव्हीवाले मात्र पहिल्या गाडीचाच पिच्छा सोडत नव्हते. ती जिंकली, आम्ही टाळ्या वाजवल्या. न्हाव्याने वस्तरा उचलला, तर याने त्याचं मनगटच धरलं. "थांब रे! पिवळी यायचीय."

आणि सगळ्यांच्या मागून, धूर ओकत, पिवळी आली! तो साबणासकट उठून नाचायलाच लागला. हवेतच पाना फिरवत म्हणाला, "चालू केली! पोरांनी चालू केली!"

"अहो, शेवटची आली ती," मी म्हणालो.

"मग? पहिली आली ती कुठं बंद पडली होती?"

दुसऱ्या दिवशी पेपरात जिंकलेल्या गाडीचा फोटो होता. तिच्या मागे कुठं पिवळं दिसतंय का, ते मी कितीतरी वेळ बघत बसलो.