दाखल क्रमांक एक

पारशिवनीच्या पुढच्या एका खेड्यात माझी बदली झाली, तेव्हा घरच्यांपेक्षा शेजारणींनाच जास्त वाईट वाटलं. नागपुरातलं हुडकेश्वरचं नवीन घर सोडून मी पारशिवनीत भाड्याची खोली घेतली आणि रोज स्कूटीने शाळेत जाऊ लागले. शाळा म्हणजे एकच खोली. चार वर्ग, चौदा मुलं आणि मी. पहिलीची मुलं दाराशी, चौथीची फळ्याशी, आणि मधल्या दोन वर्गांची हद्द रोज थोडीथोडी सरकायची. चौथीला भागाकार विचारला की उत्तर पहिलीतून यायचं, आणि बरेचदा बरोबर यायचं. मला ती शाळा आठवड्याभरातच आवडली.

दुसऱ्या वर्षी तालुक्याच्या ऑफिसातून निरोप आला की प्रत्येक शाळेने आपला इतिहास ऑनलाइन भरायचा. शाळा कशी सुरू झाली, पहिले शिक्षक कोण, पहिला विद्यार्थी कोण. मी कपाटातून मुलांच्या नावांचं जुनं रजिस्टर काढलं. पहिली पानं वाळवीने खाऊन टाकली होती. नावं सुरू होत होती ती थेट सतराव्या दाखल क्रमांकापासून.

"घरी विचारून या रे, शाळेत सगळ्यात आधी कोण आलं होतं," मी मुलांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना संपायच्या आत एक म्हातारबुवा दारात हजर. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा शर्ट. गावचे निवृत्त पोस्टमन. सगळे त्यांना आबाजी म्हणायचे.

"लिहून घ्या बाई," ते खुर्चीवर बसत म्हणाले. "पहिला मी."

मी लिहून घेतलं. चौथीतल्या एका मुलीने मात्र हात वर केला.

"मॅडम, माही पणजी म्हणते, पहिली ती होती."

आबाजी हसले. "बुढीले काय आठवते आता!"

पण त्यांचं हसू मला जरा घाईचं वाटलं. शाळा सुटल्यावर मी त्या मुलीबरोबर तिच्या घरी गेले. गावाच्या पूर्वेला बौद्धांची वस्ती आहे, त्यातलं विहाराला लागून असलेलं घर. पणजी अंगणात तूर पाखडत होती. मी विचारलं तसं तिने सूप खाली ठेवलं.

"शाळा पहिल्यांदा देवळाच्या ओसरीवर भरणार होती," ती म्हणाली. "माहा बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला होता. तो मले हात धरून घेऊन गेला. लोक म्हणे, पोरीले खाली पायरीवर बसव. बाप म्हणे, पायरीवर बसवाले नाही आणली मी तिले."

"मग?"

"मंग काय! गुरुजी जवान होते, नवीनच आलेले. त्यायनं फळा उचलला अन् सरळ मोहाच्या झाडाखाली नेऊन टेकवला. म्हणे, शाळा इथं. मी एकटीच जाऊन बसले. पाचसहा दिवस मी एकटीच होते वं बाई! गुरुजी मले एकटीलेच म्हणत, 'मुलांनो, पाटी काढा.'"

ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की मलाही आवरेना.

"दुसरं कोण आलं?"

"तोच, पोस्टमन. त्याच्या घरचे पाठवत नव्हते. हा रडूरडू हैराण, मले शाळेत जायचं म्हणून. शेवटी आईनं सोडलं. त्याच्यामागं सगळे आले. पावसाच्या आत दोन्हीकडच्या लोकांनी मिळून माती तुडवली, भिंती उभ्या केल्या. तीच ही तुमची खोली. छपराचे कवेलू गेले, टिना आल्या, एवढंच."

ती स्वतः तिसरीत असताना आई आजारी पडली आणि तिची शाळा सुटली. चौथी पास होऊन निघालेले शाळेचा दाखला घेऊन जात; तिचा दाखला मागायला कोणी गेलंच नाही. तिच्याजवळ कागदाचा तुकडाही नव्हता.

मी दोघांनाही शनिवारी शाळेत बोलावलं, जुना कागद असेल तर घेऊन या म्हटलं. आबाजी प्लास्टिकच्या पिशवीत सगळी कागदपत्रं घेऊन आले. आधीच्या रात्री सुनेने भरून दिली असावीत, कारण त्यांनी स्वतः ती पाहिलेली दिसत नव्हती. पेन्शनचे कागद, रेशनकार्ड, आणि घडीवर फाटलेला शाळेचा दाखला. चौथीच्या त्याच मुलीने तो मोठ्याने वाचायला घेतला आणि मध्येच थांबली.

"आबाजी, इथं तर दाखल क्रमांक दोन लिहून आहे."

आबाजींनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पणजी त्यांच्याकडे बघत राहिली.

"आता काय सांगू बाई," शेवटी ते म्हणाले. "पोरं लहान होती तवा एकदा गंमत म्हणून सांगून बसलो, मी पहिला. मंग नातवंडांनाही तेच. वापस कसं घ्यायचं?"

"काहून गा," पणजी म्हणाली, "इतकी वर्षं माहा नंबर घेऊन बसला होता?"

"तू मागितलाच नाही वं!"

सगळी खोली हसली. कशाला हसतोय हे न कळलेली पहिलीची मुलं सगळ्यात जास्त हसली. आबाजी उठले, खुर्ची सरकवली आणि पणजीला म्हणाले, "बस."

फॉर्ममध्ये रकान्याचं नाव 'पहिला विद्यार्थी' होतं आणि ते बदलता येत नव्हतं. मी त्यात तिचं नाव भरलं. मोहाचं झाड, गुरुजी आणि ओसरीची हकिकत काही त्या रकान्यात मावली नाही. ती मी कोऱ्या कागदांवर लिहून भिंतीला लावली.

जाताना पणजी दारात थांबली. "बाई, तिसरीची परीक्षा राहिली होती माही. घ्याल का?"

मला वाटलं थट्टा करतेय. सोमवारी ती पाटी घेऊन आली. राहिलेली तूर घरात येईपर्यंत आठवड्यातून तीन दिवस, नंतर रोज. बाराचा पाढा तिला येत होता, जोडाक्षरं मात्र छळायची. एकदा तिसरीतला पोरगा तक्रार घेऊन आला, "मॅडम, आजी माह्या पाटीत पाहून राहिली!" मी दोघांना लांब बसवलं.

एप्रिलमध्ये तिने बाकी मुलांबरोबर पेपर दिला. सरकारी गुणपत्रक मला देता येत नव्हतं, म्हणून कार्डशीटवर हाताने लिहून, शाळेचा शिक्का न मारता, फक्त माझी सही करून दिलं. तिने ते साडीच्या घडीत ठेवलं. बाहेर आबाजी ताटकळत उभे होते.

"किती मार्क पडले वं?"

"तुले कायले पाहिजे?" ती म्हणाली आणि पणतीचा हात धरून घराकडे निघाली.