मापाच्या खुर्च्या

शिंपीकाकांनी कोवर्किंग स्पेस, म्हणजे लोकांनी भाडं देऊन आपापलं काम करत बसायची जागा, काढली ती सुनेमुळे. मुलगा आणि सून दोघंही घरून काम करायचे, आणि शिलाईचं दुकान बंद पडल्यापासून काकाही घरीच असायचे. सुनेची मीटिंग सुरू झाली की हे मागून जाता जाता पडद्यावरच्या साहेबाची कॉलर कुठे चुकलीय ते सांगायचे. एकदा साहेबाने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सून त्या बंद दुकानातल्या कापड बेतायच्या लांब टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली. तिच्यामागोमाग तिच्या दोन मैत्रिणी आल्या, आणि काकांना वाटलं, आपल्याला धंदा सापडला.

मुलाला काही हे पटलं नाही. दुकानाची खोली भाड्याची, करार त्याच्या नावावर. त्याने मुदत घालून दिली. टेबलाभोवती बारा खुर्च्या मावतात, त्या सहा महिन्यांत भरल्या तर ठीक, नाहीतर खोली मालकाला परत. म्हणजे काकांनी पुन्हा घरी बसायचं. घरी बसणं काय असतं ते त्यांनी वर्षभर भोगलं होतं. त्या वर्षात त्यांनी घरातले सगळे पडदे तीनदा उसवून तीनदा शिवले होते.

धडे त्यांना भराभर मिळाले. माणसाला खिडकीपेक्षा प्लग प्यारा असतो, हा पहिला. फोनवर बोलणाऱ्यांनी मात्र नाकीनऊ आणले, तेव्हा काकांनी कपडे घालून बघायची खोली, आरसा आणि पडद्यासकट, त्यांना देऊन टाकली. आरशात स्वतःचं तोंड बघत कोणालाच फार वेळ ओरडता येत नाही. एका कंपनीच्या तक्रारी ऐकणारे गृहस्थ तिथे उभे राहून राहून इतके मऊ झाले की महिनाभरात त्यांना बढती मिळाली.

घोडं अडलं ते खुर्च्यांवर. चाळीस वर्षांत काकांनी एकाचं माप दुसऱ्याला लावलं नव्हतं. येणाऱ्या प्रत्येकाला दारातच उभं करून ते टेप काढायचे. गुडघा ते टाच, कंबर ते कोपर, मग दोन्ही खांदे. त्या मापाने खुर्चीचे पाय कापायचे नाहीतर खाली ठोकळे ठोकायचे, पाठीला उशी शिवायची, आणि टेबलावर खडूने त्या माणसापुरती जागा आखून द्यायची. बसणारे खूश होते. नकाशे काढणाऱ्या बाईंची दहा वर्षांची पाठदुखी थांबली. पण खुर्ची एकदा झाली की ती त्याच माणसाची. तो आजारी पडला तरी तिच्यावर दुसरं कोणी बसायचं नाही.

अकरा खुर्च्या अशा भरल्या. बारावी एका ताडमाड भाषांतरकाराची होती, आणि तो पाचव्या महिन्यात दुसऱ्या गावी राहायला गेला. जागा विचारायला रोज कोणी ना कोणी यायचं. काका माप घ्यायचे आणि हळहळून सांगायचे, तीन इंच कमी पडताय. एक बाई उंच टाचांचे बूट घालून यायला तयार होत्या, त्यांना काकांनी टाचांचे तोटे सांगून परत पाठवलं. सुनेने हात जोडले.

"बाबा, त्या खुर्चीचे पाय कापा ना."

"आणि तो परत आला तर?"

तो परत येणार नाही, हे त्याने स्वतः कळवलं होतं. काकांनी ती गोष्ट मनावर घेतली नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या शनिवारी मुलगा आला. सोमवारी मालकाला चावी द्यायची ठरली होती, आणि खोली सोडत असल्याचं पत्र त्याला तिथेच लिहून टाकायचं होतं. काका पाठमोरे उभे होते, कारण त्यांना रडू यायला लागलं होतं आणि ते कोणाला दिसायला नको होतं. मुलाने रिकामी खुर्ची ओढली आणि तो तिच्यावर बसला. काका गर्रकन वळले.

"तिथे बसू नकोस. ती तुझी नाही."

"बाबा, मी तुमचा मुलगा आहे."

"असशील. पाय टेकत नाहीत तुझे."

अकराच्या अकरा माणसं काम टाकून बघायला लागली. जागा बंद करायला आलेला माणूस, आणि त्यालाच जागा नाकारली जात होती. मुलाला मनापासून राग आला. "मग घ्या माझं माप," तो म्हणाला आणि शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला.

अकरा वर्षांचा असताना त्याने हट्टाने बाजारातला तयार शर्ट आणला होता. तेव्हापासून काकांनी त्याचं माप घेतलं नव्हतं. त्यांनी खांद्यांवर टेप ठेवली आणि ते थबकले. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दीड इंच उतरला होता. सहा वर्षं सोफ्यावर वाकडं बसून काम केल्याचं ते फळ होतं. साऱ्या गावाचे गुडघे आपण मोजले आणि घरातला पोरगा राहिला, या विचाराने काकांना लाज वाटली. त्यांनी टेप गळ्यात अडकवली, ती उंच खुर्ची उलटी केली आणि तिच्या चारही पायांवर खडूने खुणा केल्या.

सून तोंडात बोट घालून बघत राहिली. मुलाने वाकून एका खुणेवर बोट टेकवलं.

"कधी होईल?" त्याने विचारलं.

"मंगळवारी ये."

मुलाने खिशातून फोन काढला आणि मालकाला लावला. सोमवारी जमणार नाही म्हणाला. पलीकडून कारण विचारलं असावं, कारण तो जरा घुटमळला आणि मग म्हणाला, "माझी खुर्ची व्हायची आहे."