सशाची साक्ष

आमच्या मॅडमच्या अमरावतीच्या घरी, दिवाणखान्यात लोक देवांच्या तसबिरी लावतात त्या जागी एक्स-रे फिल्मचा तुकडा फ्रेम करून लावलेला होता. पाहुण्यांना वाटे, कुणाचं तरी हाड मोडलं असेल. ती होती कपाशीच्या रोपातल्या प्रथिनाची काळी पट्टी. रोपाला उन्हाचा ताण बसला की त्या प्रथिनाला फॉस्फेट चिकटतं, असं त्या पट्टीने दाखवलं होतं. मॅडमची सगळी कारकीर्द त्या पट्टीवर उभी होती. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी.

फॉस्फेट लागलेलं प्रथिन नेमकं ओळखायला अँटिबॉडी लागते. मॅडमनी ती अकोल्यात बनवून घेतली होती, एका सशाला त्या प्रथिनाचा तुकडा टोचून. त्याच्यासाठी लसूणघास त्या स्वतः न्यायच्या. ससा म्हातारा होऊन मेला आणि त्याच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडीही संपत आली. दुसऱ्या सशाचं रक्त अगदी तसंच निघेल याची खात्री नसते. निवृत्त होताना मॅडमनी शेवटची कुपी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, आता सशाचा पिच्छा सोड, तू दुसरं काही घडव.

ते दुसरं म्हणजे डोमेन. काही प्रथिनांत निसर्गानेच एक छोटा भाग ठेवलेला असतो, त्याच्या खोबणीत फॉस्फेट बरोबर बसतं. ती खोबण थोडी थोडी बदलत आपल्या एकाच प्रथिनाला बसेल अशी करायची आणि जिवाणूंकडून हवी तितकी बनवून घ्यायची. ऐकायला सोपं आहे. माझी बहुतेक डोमेनं एकतर आंधळी निघाली, नाहीतर दिसेल त्याच्या गळ्यात पडणारी. उन्हाळ्यात वीज गेली की मी फ्रीजरपाशी बसून सगळ्या जगाला शिव्या घालायचे. मॅडम फोनवर दर वेळी एकच विचारायच्या, फॉस्फेट छाटून पाहिलंस का? एन्झाइमने फॉस्फेट काढून टाकलं की खरी पट्टी नाहीशी व्हायलाच हवी.

शेवटी एक डोमेन जमलं. फॉस्फेट असलं की पट्टी, छाटलं की गायब. मी लॅबमध्ये नाचले. मग उन्हातली आणि सावलीतली रोपं शेजारी-शेजारी तपासली, तुलनेला मॅडमच्या कुपीतली अँटिबॉडी घेतली. डोमेनची पट्टी दोन्ही रोपांत सारखीच आली, म्हणजे या फॉस्फेटचा उन्हाशी संबंधच नव्हता. अँटिबॉडीची उन्हात गडद झाली खरी, पण ती भलत्याच जागी होती आणि फॉस्फेट छाटलं तरी हलली नाही. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच. ससा इतकी वर्षं दुसऱ्याच प्रथिनाकडे बोट दाखवत होता.

फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. नव्या फिल्म पिशवीत घातल्या आणि अकोल्याहून मूर्तिजापूरवरून अमरावतीला जाणारी बस धरली.

मॅडमनी चष्मा पुसला आणि माझ्या फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या. छाटून पाहिलंस का, हे या वेळी त्यांनी विचारलं नाही.

“मी बी छाटून पायलं होतं,” त्या म्हणाल्या. “एकदाच. पट्टी जराशी फिकी झाली. मले तेवढंच पायजे होतं.”

कुपी जुनी होऊन खराब झाली असेल, असं मी काहीतरी पुटपुटले.

“कुपीले कावून दोष देऊन राहिली? अन् सशाले तरी काय माईत, आपल्याले काय पायजे ते. पाहाचं काम माह्यं होतं.”

मग त्यांनी चहा केला, डोमेनबद्दल बारीकसारीक विचारलं, आणि चांगलं झालं म्हणाल्या. सगळं छापायला, त्यांचं चुकलं होतं तेही लिहायला बजावलं. माझं डोमेन जमल्याचं मोल कळणारं माणूस अकोला-अमरावतीत मिळून एकच होतं, आणि त्याच्याच घरी मी ही बातमी घेऊन आले होते.

निघताना त्यांनी फ्रेम काढून द्यायला सांगितलं. त्यांचा हात तिथवर पोचत नव्हता. राहू द्या म्हटलं, तर ऐकेनात. मी स्टुलावर चढले. खाली त्यांनी दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरून ठेवलं होतं, मी पडू नये म्हणून.