टेकडीवरची सांबारवडी

वर्ध्यात उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि संध्याकाळच्या परतीच्या गाडीपर्यंत आम्हाला भाड्याची खोली शोधायची होती. सुजाताची, म्हणजे माझ्या बायकोची, इथल्या बँकेच्या शाखेत बदली झालेली. सोमवारी हजर व्हायचं. नाशिकहून निघताना वाटलं होतं, एवढंसं शहर, तासाभरात काम होईल. दुपारपर्यंत दोन खोल्या पाहिल्या. एकीत नळ नव्हता, दुसरीत खिडकी. "आता जरा टेकडीवर जाऊन बसू," सुजाता म्हणाली.

या टेकडीचं इथल्या लोकांना फार कौतुक. आहेही बरी. कडुनिंबाची सावली, सिमेंटची वाट, वर शहरावरचं प्रेम जाहीर करणारी लाल अक्षरं आणि त्यांच्यापुढे फोटोसाठी रांग. खाली सपाट मुलूख, गच्च्यांवरच्या काळ्या टाक्या, रेल्वेचे रूळ, लांबवर शेतं. इतकी घरं बघून मला उगाच हुरूप आला.

शेजारच्या बाकावर एक काका-काकू बसले होते. "बाहेरगावचे दिसता. काऊन असे उपाशी बसले?" म्हणत काकूंनी स्टीलचा डबा आमच्या हातात दिला. आत सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, तिचं सारण भरून तळलेली वडी). अशी वडी मी जन्मात खाल्ली नव्हती. आम्ही खोली शोधतोय म्हटल्यावर तर काकू खुलल्याच.

"आमची वरची खोली रिकामीच हाय ना, सिंदी मेघेले, इथून जवळच. आत्ताच चला, पाहून घ्या."

मला उठून नाचावंसं वाटलं.

"नाव काय म्हणे तुमचं?"

मी आडनावासकट सांगितलं. आमच्याकडची आडनावं त्यांच्या ओळखीची नव्हती. "म्हंजे कोणते तुमी?"

"बौद्ध," सुजाता म्हणाली.

काकू खाली शहराकडे बघू लागल्या. "पाहा, मी त इसरलीच. भाच्यानं सांगून ठेवलं हाय त्या खोलीचं."

"चाल, उशीर होऊन राह्यला," काका चपला घालत म्हणाले. ऊन अजून चांगलं कडक होतं.

मी रिकामा डबा रुमालाने पुसून पुढे केला. काकूंनी हात मागे घेतला. "राहू द्या, तुमीच ठेवा." आणि गोड हसल्या. मला संताप आला होता, पण तोंडातून निघालं ते "थँक्यू". त्याची लाज अजून जात नाही.

परतीच्या गाडीत सुजाताने डबा उलटा करून पाहिला. तळाशी काकूंचं पूर्ण नाव कोरलेलं होतं. भांड्यावर नाव घालतात ते भांडं घरी परत यावं म्हणून. शेजारी गेलेल्या एका वाटीसाठी बायका महिनाभर तगादा लावतात.

सोमवारी सुजाता एकटीच गेली आणि लॉजवर उतरली. इकडे नाशिकला जो तो मला विचारतो, तिकडची माणसं कशी आहेत?

फार प्रेमळ, मी सांगतो. खाऊ घातलेला डबासुद्धा परत घेत नाहीत.